चित्राच्या तोंडावर तळहात

"आधी हातात काय आहे ते बघ," असं म्हणून सर चित्रातल्या माणसाच्या तोंडावर आपला तळहात ठेवत. तळहात रुंद होता आणि बोटांच्या कडांना कायम खडू लागलेला असे. तोंड झाकलं गेलं की चित्रात नुसते हात उरत, आणि त्या हातांत एखादं फळ, एखादं फूल, नाही तर दिवा. "तोंडाचं काय, तोंड कसंही करता येतं. हातातली वस्तू लपत नाही. ती बघ, म्हणजे चित्र कुणाचं आणि गोष्ट कुठवर आली, दोन्ही कळतं."

तुमच्याही ओळखीत असा एखादा शिक्षक असेल, ज्याचं एक वाक्य तुम्ही आयुष्यभर वापरत आलात आणि वापरताना दर वेळी थोडं दुखतं. माझ्या बाबतीत ते हे वाक्य.

मी तेव्हा बुऱ्हाणपूरला एका प्राथमिक शाळेत मास्तर होतो. आमचं घर डोईफोडिया गावचं. वडिलांना सही यायची, पण ती काढायला त्यांना वेळ लागे आणि तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसावं अशी त्यांची अपेक्षा असे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. मला बी. ए. व्हायचं होतं, तेही नोकरी करून बाहेरून परीक्षा देऊन, आणि तेही इंग्रजी वाङ्मय घेऊन. हे शेवटचं का ठरवलं ते मला आजही सांगता येत नाही. कवितांचं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात अडलो. शब्द कोशात सापडत, पण दर चार ओळींनी कुणीतरी देव नाही तर देवी येई आणि कविता तिथंच थांबे. पारावर रामायण ऐकून वाढलेल्या माणसाला त्या देवांची ना नावं ठाऊक, ना नाती.

सरकारी हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे हे सर नागपूरकडचे. वय पस्तिशीचं, एकटे राहत. एका रविवारी सकाळी मी भीतभीत त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी पुस्तक पाहिलं, मला पाहिलं आणि पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात चित्रं होती. विलायती कॅलेंडरांतली, जुन्या मासिकांतली, फाटक्या पुस्तकांतली पानं कापून पुठ्ठ्यांवर चिकटवलेली.

"कविता मागून," ते म्हणाले. "आधी ही माणसं ओळखीची कर."

त्या माणसांपैकी बहुतेकांच्या अंगावर कपडे नव्हते. त्यावरून हायस्कुलात एकदा गाजलंही होतं. समुद्राच्या फेसातून वर आलेल्या प्रेमाच्या देवीचं चित्र सरांनी वर्गात नेलं आणि हेडमास्तरांनी त्यांना बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या देवतांच्या अंगावर पतंगाच्या हिरव्या कागदाचे तुकडे आले. परिणाम उलटाच झाला. ज्या मुलांनी आधी चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं ती आता पुठ्ठा उजेडाला धरून बघू लागली. पुठ्ठ्यातून पलीकडचं दिसत नाही हे कळायला त्यांना एक दिवस लागला. शाळेचा म्हातारा चपराशी तेवढा सरांना म्हणाला, "मास्टर साहब, मेम लोगों को ठंड लग गई थी क्या?"

सर मला नावं सांगत नसत. "नावं परीक्षेत लिही. इथं गवई म्हण, नवरी म्हण, देवीचं पोरगं म्हण. नावानं माणूस दूर जातो." त्यामुळे ती सगळी दूरदेशची मंडळी मला आमच्या गावातल्यासारखीच वाटू लागली. प्रेमाच्या देवीजवळ कबुतरं असत, गुलाब असे, नाही तर सफरचंद. ते सफरचंद तिला रूपाच्या पैजेत मिळालं होतं आणि त्यापायी पुढं एक अख्खं शहर जळलं. डाळिंब दिसलं की पाताळ आठवायचं. तिथं पळवून नेलेल्या मुलीनं चार दाणे खाल्ले आणि दर वर्षी काही महिने तिला तिकडं जाऊन राहावं लागलं. देवीचं पोरगं पंखांचं, हातात धनुष्य, डोळ्यांवर पट्टी. "आपला मदन उसाचं धनुष्य घेतो आणि डोळे उघडे ठेवून मारतो," सर म्हणत. "त्यांचं पोरगं न बघता मारतं. नेम दोघांचा सारखाच लागतो."

तीन महिन्यांनी मी अडलेली कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठंही न थांबता वाचली, आणि त्या आनंदात घरी जाताना एका सायकलवाल्याला जाऊन धडकलो.

घर म्हणजे बुऱ्हाणपुरातल्या बुधवारा मोहल्ल्यातल्या दोन खोल्या. तिथं मी आणि माझी अक्का राहत होतो. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा विषमज्वरानं गेला. आमच्यात पाट लागतो, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न होतं, पण आलेली स्थळं दोन-दोन पोरांच्या बापांची. ती म्हणाली, "पोरंच सांभाळायची तर शाळेत लई आहेत." मुलींच्या शाळेत ती शिवण आणि भरतकाम शिकवी. मी शिकावं हा हट्ट माझ्यापेक्षा तिचा जास्त होता. मी अभ्यासाला बसलो की ती शिवणयंत्र चालवत नसे, हातानं टाके घाले.

माझ्या वह्यांच्या पिशवीवर तिनं एक पोपट भरला होता. सरांनी तो एके दिवशी निरखून पाहिला.

"हे कुणाचं काम?"

मी सांगितलं. त्यांनी पेटीतून कबुतरांचं चित्र काढून माझ्या हातात दिलं. "नमुना म्हणून दे त्यांना. आणि गोष्टही सांग. नुसतं चित्र देऊ नकोस."

मी घरी जाऊन सांगितलं की ही प्रेमाच्या देवीची कबुतरं, तिचा रथ ओढतात.

"कबुतरं रथ ओढतात?" अक्का म्हणाली. "आपल्या किल्ल्यावरची तर दाणे टाकल्याबिगर जागची हालत नाहीत."

आठ दिवसांनी रुमाल तयार झाला. त्यावर दोन कबुतरं होती, आणि चित्रात नसलेले ज्वारीचे दाणे त्यांच्या पायाशी होते. सर तो रुमाल खिडकीपाशी घेऊन गेले.

"दाणे टाकलेत," ते म्हणाले. रुमाल परत आला नाही. मीही मागितला नाही.

पुढं हे सुरूच राहिलं. एका रविवारी चित्र जाई, पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी रुमाल येई, आणि मधली गोष्ट मी नेई. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं पोरगं पाहून अक्कानं विचारलं, "हे काय, आंधळी कोशिंबीर खेळतंय?" रुमालावर तिनं त्याला झबलं घातलं होतं. म्हणाली, उघडं पोर पोटदुखीनं मरंल. मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आंधळी कोशिंबीर. शंभर पुस्तकांत नाही रे हे. त्यांना म्हणावं, अगदी बरोबर ओळखलंत."

एकदाच ते हसले नाहीत. चित्रात एक बायको हातात दिवा घेऊन झोपलेल्या नवऱ्यावर वाकली होती. गोष्ट अशी की नवरा देव होता आणि रोज अंधारात येई. माझं तोंड बघायचं नाही, एवढीच त्याची अट. तिनं एका रात्री दिवा लावून पाहिलंच. तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडला, तो जागा झाला आणि उडून गेला. पुढं तिनं फार सोसलं तेव्हा तो परत मिळाला. ही गोष्ट ऐकून अक्का दोरा ओवता ओवता थांबली.

"बायकोनं नवऱ्याचं तोंड बघितलं, यात तिची काय चूक? जो तोंड दाखवत नाही त्याच्या घरात नांदावंच कशाला?"

मी हेही सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हं," म्हणाले, आणि पुस्तक उघडलं. त्या दिवशी त्यांनी शिकवताना एकाही चित्राच्या तोंडावर हात ठेवला नाही.

हायस्कुलाचा तो चपराशी मला चौकात भेटला की विचारी, "क्यों मास्टर, डाक बराबर चल रही है ना?" मला वाटे, तो माझ्या परीक्षेच्या कागदपत्रांबद्दल विचारतोय. मी म्हणे, "हां काका, फॉर्म पहुँच गया." तो मान हलवत पुढं जाई.

श्रावणात सर आमच्याकडे जेवायला आले. अक्कानं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. ती आतल्या दाराशी उभी राहून काय वाढायला हवं ते बघत होती.

"तिखट झालं का?"

"छे," सर म्हणाले. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"मग पाणी काहून पिता एवढं?"

'काहून' हा सरांचा शब्द. आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही. तो मीच घरी नेला होता. सर आधी चमकले, मग कानापर्यंत लाल झाले आणि भाकरीत डोळे घालून हसत राहिले. अक्का पदर तोंडाला लावून आत गेली. मी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि इतके दिवस चौकात तो म्हातारा मला काय विचारत होता ते मला तेव्हा कळलं.

परत जाताना मी सरांना पोचवायला निघालो. चौकात ते थांबले.

"दसरा होऊ दे," ते म्हणाले. "दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी तुझ्या वडिलांकडे येतो. काय विचारायला, ते तुला कळलंय ना?"

"कळलं," मी म्हणालो.

मला राग यायला हवा होता. दोन वर्षं मी दर रविवारी काहीतरी नेत होतो, आणत होतो, आणि माझ्याच हातात काय आहे ते मी पाहिलं नव्हतं. पण मला हसू येत होतं. माझ्या अक्काला असा माणूस मिळणार आणि माझ्या सरांना अशी बायको, यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

वडिलांना सांगायला मी मुद्दाम गावी गेलो. बस, मग बैलगाडी. सर आमच्या जातीचे नव्हते. ते ऐकून वडील गप्प बसले. सही करताना बसत तेवढाच वेळ बसले असतील.

"पोरीच्या मनात आहे?"

"आहे."

"मग गावाला काय सांगायचं ते मी बघतो. मास्तरला म्हणावं, स्वतः ये. निरोपानं पोरगी देत नसतो."

त्या वर्षी प्रांतांच्या सीमा नव्यानं आखल्या जात होत्या. नागपूर मुंबईकडं जाणार, बुऱ्हाणपूर इकडंच राहणार आणि राजधानी भोपाळला होणार, असं पक्कं झालं होतं. जिलेबीच्या दुकानासमोर रोज वाद चालत. मराठी शाळांचं काय होणार यावर माणसं हातवारे करून बोलत. सरकारी नोकरांकडून, कुठल्या प्रांतात राहणार ते फॉर्मवर लिहून घेतलं जात होतं. मी सरांना विचारलं, "तुम्ही काय लिहिलंत?"

"मी कुठं जातो बाबू?" ते म्हणाले. "तापीचं पाणी अंगी लागलंय." आणि त्यांनी पेटीतून पुढचं चित्र काढलं.

दसरा झाला. अक्का आणि मी सुट्टीत गावी गेलो. वडिलांनी केळीचा चांगला घड बघून उतरवला आणि पाहुण्यासाठी पेंढ्यात पिकायला ठेवला. ठरलेल्या रविवारी त्यांनी नवी टोपी घातली, भाऊबंदांतली दोन वडीलधारी माणसं आणून बसवली आणि चुलतभावाला गाडी जुंपून बसथांब्यावर धाडलं. पहिल्या बसनंतर गाडी आली नाही, म्हणजे तो दुसऱ्या बससाठी थांबला असणार. दिवस कलला तेव्हा गाडी आली. तिच्यात पेंढा होता आणि पाहुण्याच्या बैठकीसाठी अंथरलेली सतरंजी होती.

"बस चुकली असंल," वडील म्हणाले.

सोमवारी गाडी पुन्हा गेली. मंगळवारीही गेली. ते दोन म्हातारे सोमवारी आले, मंगळवारी आले नाहीत. घडावर काळे ठिपके पडले. अक्कानं त्या तीन दिवसांत सगळं घर सारवून काढलं. कुणाशी बोलली नाही असं नाही, पण जे बोलली ते शेणाबद्दल आणि पाण्याबद्दल. बुधवारी सकाळी वडिलांनी टोपी खुंटीला लावली. "केळी पोरांना वाटून टाका," म्हणाले.

आम्ही दोघं दुपारपर्यंत बुऱ्हाणपूरला आलो. अक्काला घरी सोडून मी तसाच सरांच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. वळकटी बांधलेली होती. चपराशी दाराशी बसून पुस्तकांच्या खोक्याला सुतळी बांधत होता. मला पाहून त्यानं मान खाली घातली.

"काका, काय चाललंय?"

"मास्टर साहब तो अब उधर के हो गए," तो सुतळीकडे बघत म्हणाला. "फारम तो गर्मी में ही भर दिया था. आपको नहीं मालूम?"

गर्मी में. म्हणजे उन्हाळ्यात. म्हणजे आमच्याकडे बसून भरीत खाल्लं त्याच्या आधी, आणि चौकात उभं राहून मला दुसरा रविवार सांगितला त्याच्याही आधी.

सर आतून आले. हातात कंदील होता, तो कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना.

"सर, वडिलांनी तीन दिवस गाडी पाठवली."

त्यांनी कंदील या हातातून त्या हातात घेतला.

"तुम्ही निदान चिठ्ठी तरी..."

"आईनं ठरवलंय तिकडं," ते म्हणाले. "चैत्रातच ठरलं होतं. मला वाटलं, मी मोडीन ते."

"आणि श्रावणात तुम्ही मला काय सांगितलंत?"

"तेव्हा मला तसंच वाटत होतं. शपथेनं सांगतो बाबू, तुमच्याकडून निघालो तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं."

मला ते खरं वाटलं. हेच मला आजवर पचलेलं नाही. ते धडधडीत खोटं बोलले असते तर मी दोन शब्द सुनावून बाहेर पडलो असतो आणि सगळं तिथंच संपलं असतं.

त्यांनी कंदील खाली ठेवला. पत्र्याची पेटी उघडून एक पुठ्ठा काढला. "हे तुझ्या अक्कांना दे."

चित्र मी ओळखलं. त्यात तो गवई होता. त्याची बायको साप चावून मेली, म्हणून तो पाताळात गेला आणि गाणं ऐकवून त्यानं तिला सोडवून आणलं. अट एकच होती. वर उजेडात पोचेपर्यंत मागं वळून पाहायचं नाही. शेवटच्या पायरीवर त्यानं वळून पाहिलं आणि ती कायमची गेली. चित्र त्या क्षणाचं होतं. तो वळलेला आणि ती मागं ओढली जाणारी.

"गोष्ट काय सांगू तिला?" मी विचारलं.

"तुला ठाऊक आहे," सर म्हणाले.

एवढंच. इतकी वर्षं गोष्ट सांगितल्याशिवाय एकही चित्र हातात न देणारा माणूस, त्या दिवशी गोष्टही त्यानं माझ्यावर टाकली.

आता तुम्ही म्हणाल की मी तिथून उठून यायला हवं होतं. मीही तेच म्हणतो. पण टांगा आला, वळकटी आणि खोकी चढली, आणि ती पत्र्याची पेटी कुणी उचलीना तेव्हा मी उचलली. लालबागच्या स्टेशनापर्यंत ती माझ्या मांडीवर होती. गाडी हलली तेव्हा सर खिडकीतून वळून बघत होते, फलाट संपेपर्यंत. माझा हात सवयीनं वर गेला. तो मी खाली आणला, पण तोवर त्यांनी पाहिला होता.

घरी आलो तेव्हा अक्का दारातच बसली होती. काही न विचारता तिनं पुठ्ठा घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"गेले?"

"गेले. बदली झाली."

"आणि ही गोष्ट काय आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. तीन दिवस सारवून सारवून तिच्या बोटांची कातडी सोलली होती. मला खरी गोष्ट सांगवली नाही.

"हा गवई आहे," मी म्हणालो. "ही त्याची बायको. ती मागं राहते. तो पुढं जातो, पण वळून बघतो. वळून बघितल्यामुळे तो परत येतो आणि तिला घेऊन जातो."

"असं," अक्का म्हणाली. "वळून बघणारा परत येतो, आपल्यातही म्हणतात तसं."

त्यानंतर दर रविवारी सकाळी, ज्या वेळी मी सरांकडे जायला निघत असे त्या वेळी, ती विचारी, "पत्र आलं का रे?" मी म्हणे, "नाही अजून." "येईल," ती म्हणे आणि मला अभ्यासाला बसवी. कंदिलाची काच पुसून समोर ठेवी. मी पुस्तक उघडी. पानापानावर तीच देवी, तेच पोरगं, तोच दिवा. मला त्यांचा वीट आला होता, पण सगळं येत होतं. सरांनी इतकं नीट शिकवलं होतं की माणसाचा राग आला तरी उत्तर चुकत नव्हतं.

मार्चमध्ये खंडव्याला जाऊन परीक्षा दिली. शेवटचा पेपर देऊन आलो त्यानंतरच्या रविवारी अक्कानं पत्राचं विचारलं नाही. पुढं कधीच विचारलं नाही. मला वाटलं, वाट बघून थकली असेल.

मी पास झालो. पदवीचा कागद वडिलांनी दोन्ही हातांत धरून उलटा-सुलटा पाहिला, आणि सगळे गप्प बसले. आठवड्यानं सरांचं कार्ड आलं. "तुझा निकाल कळला. फार आनंद झाला. कविता वाचणं सोडू नकोस. घरी सर्वांना नमस्कार." त्या 'सर्वांना'मध्ये अक्काला धरायचं की नाही, ते मला ठरवता येईना. मी उत्तर लिहिलं, आपले उपकार जन्मभर विसरणार नाही. तेही खोटं नव्हतं. पुढं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, पोट भरलं, मुलं शिकवली, ते सगळं त्या पत्र्याच्या पेटीतून आलेलं आहे. आणि वडील त्यानंतर जितकी वर्षं जगले, तितकी वर्षं दसऱ्यानंतरच्या त्या रविवारी त्यांनी गाडी कुणालाही जुंपू दिली नाही, हेही तिथूनच आलेलं आहे. या दोन गोष्टी एका माणसाच्या नावावर कशा मांडायच्या, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

अक्कानं लग्न केलं नाही. शाळेतून निवृत्त झाली, माझ्या मुलांच्या, मग नातवंडांच्या झबल्यांवर कबुतरं भरत राहिली.

सर वारल्याचं मला एका जुन्या विद्यार्थ्याकडून उशिरा कळलं. घरी येऊन मी अक्काला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"कधी?"

"दिवाळीच्या आसपास."

"हं."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. इतक्या वर्षांनी मी तिला म्हणालो, "अक्का, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या शेवटच्या चित्राची गोष्ट मी खोटी सांगितली होती. वळून बघितल्यावर तो परत येत नाही. वळून बघितलं म्हणूनच ती जाते."

अक्का उठली. ट्रंकेच्या तळातून तिनं तो पुठ्ठा काढला. कडा कुरतडल्या होत्या, हिरव्या कागदाचा तुकडा सुटून लोंबत होता. तो माझ्यासमोर धरून तिनं आपला तळहात गवयाच्या तोंडावर ठेवला. तिनं सरांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं. मीच कधीतरी घरी करून दाखवलं असेल.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. तोंड झाकल्यावर हातच उरले होते. गवयाचा एक हात वाद्यावर होता आणि दुसरा त्याच्या स्वतःच्या छातीशी. बायकोचा हात त्याच्याकडे पुढं केलेला होता. तो धरायला कुणी नव्हतं.

"हे मी त्याच दिवशी दारात बसून बघितलं होतं," अक्का म्हणाली. "ज्याला न्यायचंय तो आधी हात धरतो, भाऊ."

"मग पाच महिने दर रविवारी पत्राचं का विचारायचीस?"

तिनं पुठ्ठ्यावरून हात काढला, हिरवा कागद बोटानं दाबून जागच्या जागी बसवला आणि पुन्हा सुई उचलली.

"तुझे पेपर होते ना," ती म्हणाली.